डाव्या गुडघ्याला लागणारी पट्टी

पेटीत काय होतं ते मी लिहिणार नाही. ज्यांना तेवढंच हवं असेल त्यांनी इथंच थांबावं.

मी चौथी पास, तीही कशीबशी. पेन्सिल कानावर ठेवायची सवय आहे, लिहायची नाही. पण बायको जाऊन अकरा महिने झाले आणि एक गोष्ट तिला विचारायची राहून गेली. ती दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही, म्हणून कागदावर घालतो. चुका असतील त्या मुलगी सुधारणार नाही, कारण ती कलकत्त्यात वाढली, तिचं मराठी माझ्याहून कच्चं.

मी कलकत्त्यात गार्डन रीचला रेल्वेच्या मोठ्या कचेरीत सुतार होतो. नागपूरहून बदली होऊन आलो तेव्हा लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मोठ्या कचेरीत सुताराला काम भरपूर. टेबलांचे पाय मोडतात, पावसात कपाटांची दारं फुगतात, आणि साहेब बदलला की खोलीतली लाकडी भिंत इकडची तिकडे होते.

या भिंतीवरून मी बायकोला चिडवायचो. ती पोथीवाल्या घरातली. श्रावणात रोज संध्याकाळी दिवा लावून मोठ्यानं वाचायची, आणि मी खाटेवर पडून ऐकायचो. भिंत चालवल्याची गोष्ट आली की मी म्हणायचो, "त्यात काय? साहेबाची भिंत मी वर्षातून दोनदा चालवतो. माझी पोथी कोण लिहितंय?"

"तुमच्या भिंतीवर बसून कुणी वाघाला भेटायला जात नाही."

"साहेब वाघच आहे आमचा."

ती हसायची नाही. पदर सारखा करून पुढची ओवी घ्यायची. रेडा बोलला, तर मी म्हणायचो मागं कुणीतरी उभं असणार. मेलेली गाय उठली, तर ती मेलीच नव्हती. माझं म्हणणं साधं होतं. जगात जे अचानक नाहीसं होतं ते कुठंतरी सरकलेलं असतं, आणि सरकायला खाच लागते, आणि खाच कुणीतरी पाडलेली असते. पोथीत साधू असतो, राजा असतो, गर्दी असते, खाच पाडणारा मात्र कधी नसतो.

हे मी उगाच बोलत नव्हतो. मी स्वतः तशी पेटी केली होती.

झालं असं. कचेरीतल्या एका बंगाली बाबूच्या ओळखीनं एक जादूगार घरी आला. हावड्याला राहायचा. फार नावाजलेला नव्हता, पाड्यापाड्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या पूजेत आणि शाळांच्या हॉलमध्ये खेळ करायचा. मला त्यानं पेटीचं काम दिलं. एक मुलगी आत झोपते, वर चादर टाकतात, चादर उचलली की मुलगी नाही, रजनीगंधाची फुलं आहेत. नकाशा त्याच्या डोक्यात होता. त्याला असा सुतार हवा होता जो बंगाली नाही, ज्याचे पाड्यात मित्र नाहीत, म्हणजे चहाच्या टपरीवर कुणी बोलणार नाही.

"मिस्त्री," तो म्हणाला, "दिब्यि खाना पडेगा." दिब्यि म्हणजे शपथ.

मी म्हणालो, "घेतो. विद्येची घेऊ?"

"तुझी विद्या किती?"

"चौथी."

"मग नको. घरी कोण आहे?"

"बायको."

"बौदीच्या डोक्याची."

बौदी म्हणजे वहिनी. बायको खाली नळावर गेली होती. मी म्हटलं, ती इथं नाही, डोकं कुठून आणू? त्यानं इकडं तिकडं बघितलं. फळीवर तिचा कुंकवाचा करंडा होता. तो म्हणाला, त्यावर ठेव हात. मी ठेवला. त्यानं बंगालीत जे सांगितलं ते मी मागून म्हटलं. पेटीचं गुपित कुणाला सांगितलं तर बौदीच्या डोक्यावर. मला तेव्हा हसू येत होतं, हेही लिहून ठेवतो. बोटाला कुंकू लागलं ते मी पँटला पुसलं.

पेटी मी आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात केली. अकरा दिवस लागले. दिवसा कचेरी, सकाळी तासभर आणि उजेड असेपर्यंत संध्याकाळी थोडं. मी नसताना पेटीवर बायकोची जुनी चादर टाकून ठेवायचो. तिला सांगितलं होतं, उघडायची नाही. ती म्हणाली, "मला काय करायचंय तुमच्या खोक्याशी? चादरीला सरस लागलाय तेवढा मात्र काढून द्या."

खेळाला जादूगारानं आम्हा दोघांना बोलावलं. बेहालाला एका शाळेत, दुपारचा खेळ. बायको पुढच्या ओळीत बसली. मुलगी झोपली, चादर पडली, वाजवणाऱ्यानं ढोल वाजवला, चादर उचलली. फुलं. बायकोनं माझा दंड असा धरला की नखं रुतली. मी बघत होतो माझ्या जोडकामाकडे. कुठं फट दिसत नव्हती.

खेळ झाल्यावर मी मागं गेलो. ती पेटीतली मुलगी पाय चोळत बसली होती. मला म्हणाली, मिस्त्री, आत आडवी पट्टी लावलीय ती डाव्या गुडघ्याला लागते. बघितलं तर खरंच. आधाराची पट्टी मी दोन बोटं वर ठोकली होती. माझी चूक. पुढच्या आठवड्यात काढून खाली लावून दिली. ही पट्टी म्हणजे काही गुपित नव्हे, म्हणून लिहितो. लक्षात ठेवा.

बायको तेव्हा फाटकाशी चिनाबदाम, म्हणजे शेंगदाणे, घेत उभी होती. बसमध्ये बसल्यावर तिनं एकच विचारलं, "मुलगी गेली कुठं?"

"कुठं जाणार? आहे की."

"मी विचारतेय कुठं गेली."

"ते सांगायचं नसतं."

ती रुसली नाही. पण श्रावणात पुन्हा पोथी उघडली आणि त्यात ती गोष्ट आली. साधू वारला. त्याचे हिंदू चेले म्हणाले जाळायचं, मुसलमान चेले म्हणाले पुरायचं. हातघाईवर आले. कुणीतरी चादर उचलली तर खाली देह नाही, फुलं. वाचता वाचता ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

मी खाटेवरून म्हणालो, "पेटी होती खाली."

"नव्हती. जमिनीवर ठेवला होता."

"मग जमिनीत खड्डा होता. वर फळी."

"कुणी खणला?"

"माझ्यासारख्या कुणीतरी."

"तुम्हाला सगळं येतं," ती म्हणाली. "मग सांगून टाका ना. मुलगी कुठं गेली ते सांगा, मी साधूचं तुमचं ऐकते. नाही तर गप पडून राहा आणि मला वाचू द्या."

आता इथं मी गप राहायला हवं होतं. पण मला जिंकायचं होतं. एरवी ती वाचायची आणि मी ऐकायचो. ती सातवी शिकलेली, माहेरच्या पत्रातही माझं नाव तीच लिहायची. एक गोष्ट होती जी मला येत होती आणि तिला नाही. मी खडू घेतला, फरशीवर आकृती काढली, आणि सगळं सांगितलं. तळ कुठं, मुलगी कशी दुमडते, फुलं कुठून. सगळं.

ती उकिडवी बसून बघत होती. हसली खूप. मग म्हणाली, "हे ठीक आहे. पण यात मुलगी जिवंत असते. म्हणून दुमडते. मेलेला माणूस कसा दुमडायचा?"

तिनं ओल्या फडक्यानं खडू पुसला आणि पोथी पुढं वाचली.

चौथ्या दिवशी तिला ताप आला.

पहिले दोन दिवस मी काही मनात आणलं नाही. पावसाळ्यात इथं कुणाला ताप येत नाही? नळाला गढूळ पाणी येत होतं, शेजारीपाजारी दोघं-तिघं पडले होते. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "डोकं फुटतंय हो. डोक्यावर कुणी दगड ठेवल्यासारखं." पोट म्हणाली असती, पाठ म्हणाली असती. डोकंच कसं म्हणाली?

डॉक्टरबाबू आले. टायफॉइड म्हणाले. पाणी उकळा, भात देऊ नका, तापाचा तक्ता लिहा. मी कचेरीतून रजा घेतली आणि तक्ता लिहायला लागलो. सकाळी एकशे दोन, दुपारी एकशे तीन, संध्याकाळी त्याहून वर. कपाळावर पट्टी ठेवायला तिच्या डोक्यावर हात ठेवायचो आणि उचलून घ्यायचो, भाजल्यासारखा. वाटायचं, माझाच हात आहे हा, करंड्यावर ठेवलेला.

स्वतःला समजावायचो. अरे, तू रेड्याला हसतोस, भिंतीला हसतोस, आणि एका हावड्याच्या माणसानं म्हणायला लावलेल्या चार शब्दांना भितोस? ताप पाण्यातून आला. डॉक्टरांनी सांगितलं. शेजारच्या दोघांनी तर कुठली शपथ मोडली नव्हती. हे सगळं मला पटायचं. पटून पुन्हा भीती तिथंच. भीतीला पटवता येत नाही, एवढं मला त्या दिवसांत कळलं.

तिला सांगावं तर तेही जमेना. आजारी बाईला काय सांगू, की मी तुझ्या डोक्याची शपथ घेतली आणि तुला हसवायला मोडली? आणि पोथीवाल्या घरातली ती. तिनं मानलं असतं. मानून अंथरुणावर सोडून दिलं असतं सगळं, असं मला वाटायचं.

बारा दिवस झाले तरी ताप उतरेना. केस हातात यायला लागले. बरळायची. एकदा दुपारी डोळे उघडून म्हणाली, "चादर काढा. अहो, चादर काढा वरची." अंगावर चादर नव्हतीच. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध बदललं. म्हणाले हे लागू पडेल, चार-पाच दिवस थांबा.

मी तीन दिवस थांबलो. चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाईंना तिच्याजवळ बसवलं आणि निघालो.

आमच्याकडे लहानपणी कुणी शपथ घातली की ती सोडवायची रीत असते. ज्यानं घातली त्यानं म्हणायचं, 'सुटली'. त्याच्या तोंडून यावं लागतं, दुसऱ्याच्या चालत नाही. पोरांचा खेळ. मी चाळिशीकडे झुकलेला सरकारी सुतार, तो खेळ खेळायला निघालो होतो.

दिवस वाईट होते. पक्षांच्या मारामाऱ्यांत गल्ल्यांत बॉम्ब फुटायचे, भिंती घोषणांनी भरलेल्या, कधी कुठली बस बंद पडेल सांगता येत नव्हतं. त्या दिवशीही बस नव्हती. धक्क्यापर्यंत चालत गेलो, फेरीबोटीनं नदीपलीकडे उतरलो, पुन्हा चाललो. वाटेत एक रस्ता पोलिसांनी अडवला होता. शिपायानं विचारलं, कुठं? मी म्हणालो, जादूगाराकडे. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि दुसरीकडून जा म्हणाला.

जादूगार एका लोखंडाच्या कारखान्यामागे वरच्या खोलीत राहायचा. लुंगीवर बसून मुरमुरे खात होता. मला बघून खूश झाला. "आओ मिस्त्री! नवी पेटी करायची आहे."

मी उभ्या उभ्या सांगितलं. बायकोला सांगितलं. सगळं सांगितलं. तिला टायफॉइड झालाय.

त्याचा चेहरा पडला, पण बौदीसाठी नव्हे. "सगळं? फुलांचंही?"

"फुलांचंही."

"ती कुणाला बोलली?"

"दादा, ती शुद्धीवर नाही. बोलेल कुणाला?"

त्यानं मुरमुऱ्याचा वाडगा खाली ठेवला. मी म्हणालो, तुम्ही शपथ घातली होती, तुम्हीच सोडवा. 'सुटली' म्हणा.

"माने?"

"म्हणजे काही नाही. म्हणा."

"मिस्त्री, तू तर हे मानत नव्हतास. त्या दिवशी हसत होतास, मी बघितलं."

"नाही मानत."

"मग असल्या दिवसात नदी ओलांडून आलास कशाला?"

"म्हणा ना दादा."

"शुटली," तो म्हणाला. बंगाली जीभ, 'स' येईना. मी म्हणालो, नीट म्हणा. त्यानं तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा शुटली. मग चिडून म्हणाला, "अरे, मी सगळ्यांना दिब्यि घालतो. तुझ्या आधीच्या मिस्त्रीनं आईची घेतली होती. अर्ध्या हावड्याला सांगत फिरला. त्याची आई अजून बाजारात मासळीवाल्यांशी भांडते, जाऊन बघ."

मी खरंच विचारलं, "कुठल्या बाजारात?" त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मला चहा दिला. मी प्यायलो नाही.

परतताना फेरीबोटीत बसून मी विचार करत होतो, 'शुटली' चालतं की नाही.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले असतील. शेजारच्या बाई दारातच म्हणाल्या, घाम आलाय तिला. ताप एकशे एकच्या खाली होता. दुसऱ्या दिवशी शंभर. डॉक्टरबाबू तक्ता बघून म्हणाले, बघितलंत, औषध लागलं. म्हटलं होतं ना चार-पाच दिवस. मी हो म्हणालो. दिवस मोजले तर बरोबर बसत होते. माझ्यासमोर कुणी हा चमत्कार म्हणून सांगितला असता तर मी खाटेवरून म्हणालो असतो, चार दिवस आधी गोळी बदलली होती, ती खाच आहे. तरी मी शेजारच्या बाईंना विचारलंच, घाम नक्की किती वाजता सुटला? त्या म्हणाल्या, कोण घड्याळ बघत बसलंय?

महिन्याभरानं ती उठून बसायला लागली. डोक्यावर केस नव्हते, पदर घट्ट लपेटून मोसंबी सोलत होती. तेव्हा मी सांगितलं. करंडा, शपथ, हावडा, सगळं. खाली बघूनच सांगितलं. वाटलं, आता रडेल, किंवा बोलणं टाकेल.

ती म्हणाली, "म्हणून असे वाळलात होय? मला वाटलं स्वतः रांधून खाताय म्हणून."

"अगं, मी शपथ मोडली तुझी."

"कुठं मोडली? तुम्ही सांगायच्या आधीच मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पेटीचं. तुम्ही कचेरीत गेलात की मी चादर काढून बघायची. एकदा आत झोपूनही बघितलं. माहीत असलेलं सांगितलं तर शपथ कशी मोडेल?"

"मग तेव्हा विचारलंस कशाला, मुलगी कुठं गेली?"

"तुम्हाला सांगायची हौस होती," ती म्हणाली. "आणि पट्टी कसली ठोकलीत हो आत? डाव्या गुडघ्याला लागली माझ्या. निळं झालं होतं दोन दिवस."

त्या रात्री मी दीड महिन्यात पहिल्यांदा नीट झोपलो. पट्टीचं तिला कसं कळेल आत झोपल्याशिवाय? मी फरशीवर आकृती काढली तेव्हा त्यात पट्टी दाखवली नव्हती, कारण तिचा गुपिताशी संबंध नव्हता. म्हणजे खरंच झोपली होती. पुढं आम्हाला मुलगी झाली, मी निवृत्त झालो, बेहालाला घर घेतलं, आणि मी पुन्हा हे मनात आणलं नाही.

गेल्या वर्षी ती गेली. म्हातारपणानं, हृदयानं, कुणाच्या शपथेनं नव्हे. इथल्या रीतीप्रमाणे पांढरी चादर घातली आणि वर लोकांनी रजनीगंधा आणून ठेवली, इतकी की चादर दिसेना. सगळे बाहेर गाडीशी होते. मी चादरीचं टोक उचलून बघितलं. ती होती तिथंच.

तेव्हापासून सुरू झालं. बेहालाच्या त्या शाळेतून बसनं येताना मी तिला सांगितलं होतं का, की पेटीतली मुलगी म्हणते पट्टी गुडघ्याला लागते? चूक माझी होती, डाचत होती, सांगितलंही असेल. आठवत नाही. तसं असेल तर तिनं तेच मला परत दिलं, माझी भीती जावी म्हणून. आणि ती बंद जागेला भ्यायची. कचेरीतल्या लिफ्टमध्ये एकदा चढली आणि दुसऱ्या मजल्यावर उतरून जिन्यानं आली. अशी बाई पेटीत झोपेल? पण तिचं काही सांगता येत नसे. लिफ्टमध्येही आधी हौसेनं तीच चढली होती.

खोटं असलं तरी आता काय बिघडतं, असं माझी मुलगी म्हणते. तिला कळत नाही. खोटं असेल तर मी शपथ मोडली होती, आणि ती ते जाणून माझ्याबरोबर चाळीसच्या वर वर्षं राहिली, एक शब्द न बोलता.

सुताराला हे शोधून काढता येतं. जादूगाराच्या पेटीतली मुलगी ठेंगणी, बायको तिच्याहून वीतभर उंच. आत टाचा भिंतीला टेकवून पाय दुमडावे लागतात. मग गुडघा किती उंच येणार ते नडगीच्या लांबीवर. पट्टी किती उंचीवर होती ते मला आजही ठाऊक आहे, चुकीचं माप विसरत नाही माणूस. राहिली बायकोची नडगी. म्हातारपणी तिचे गुडघे धरायचे म्हणून मी तिला एक खुर्ची करून दिली होती, पाय बरोबर तिच्या गुडघ्याइतके कापून. बसली की टाचा टेकायच्या. खुर्चीच्या पायाचं माप पट्टीच्या मापाशी जुळलं तर ती पेटीत झोपली होती, नाही जुळलं तर नाही.

मुलगी परवा म्हणाली, "बाबा, ती खुर्ची कुणाला देऊन टाकू? कुणी बसत नाही." मी म्हणालो, हात लावू नकोस.

खुर्ची खिडकीपाशी आहे. टेप माझ्या खिशात असतो. अकरा महिन्यांत मी माप घेतलेलं नाही.